भीमजयंतीचा मंच आणि रॅपवाली पोरं

एप्रिल जवळ आला की अमरावती आणि अकोल्याच्या वस्त्यावस्त्यांतून जयंती उत्सव समित्यांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मंडप, पंचशील ध्वज, रॅलीचा मार्ग, भोजनदान यांवर फारसे दुमत होत नाही. बैठक अडते ती एकाच मुद्द्यावर. मुख्य रात्रीचा कार्यक्रम कोणाचा? ज्येष्ठ म्हणतात, कव्वालीचा दुय्यम सामना ठेवा किंवा शाहिराला बोलवा. पोरं म्हणतात, रॅपवाल्यांचा बँड आणा. मग आवाज चढतात, कोणी उठून जाते, आणि शेवटी तडजोड म्हणून डीजे ठरतो. म्हणजे ज्येष्ठही हरतात, पोरंही हरतात आणि जिंकतो तो भाड्याचा भोंगा!

या वादात आम्ही आज उघडपणे बाजू घेत आहोत. ज्याच्या गाण्यात बुद्ध-फुले-आंबेडकरांचा विचार आहे, त्या रॅपवाल्या पोराला मुख्य रात्र दिलीच पाहिजे, असे आमचे मत आहे. मात्र त्यासोबत काही अटीही आहेत. त्या का, हे समाजबांधवांनी शांतपणे ऐकून घ्यावे.

पहिला आक्षेप असा की, ही कला आपली नाही, परदेशातून आलेली आहे. आम्ही विचारतो, आपल्या चळवळीची कोणती कला आयती आपल्या घरात जन्मली होती? १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसे उभे केले तेव्हा साचा तमाशाचा होता, त्यात भरलेला विचार मात्र नवा होता. ज्या कव्वालीवर आज आपले ज्येष्ठ जीव ओवाळून टाकतात, ती दर्ग्यातून आली. नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांनी तिला विदर्भात भीमवाणी केले. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरले आणि लोकांच्या कानात आधीच बसलेल्या चालींवर बाबासाहेब त्यांच्या ओठांवर ठेवून गेले. आणि वऱ्हाडच्या मातीला तर हे सांगण्याचीही गरज नाही. गाडगेबाबांनी कीर्तन हातात घेतले आणि त्याच कीर्तनातून देवभोळेपणावर कोरडे ओढले. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवून ग्रामसुधारणा सांगितली. वाद्य कोणाचे याला महत्त्व नसते. ते कोणासाठी वाजते, याला असते.

राहिला प्रश्न रॅपच्या कुळाचा. हे गाणे १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब काळ्या वस्त्यांत उभे राहिले. त्याच न्यूयॉर्कमध्ये १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनीच काळ्यांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य मांडले. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, तिचे नावही अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. नाव घेताना ते परके वाटले नाही, मग गाणेच परके कसे झाले?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही पोरं ओरडतात, शब्द कळत नाहीत, अंगविक्षेप करतात, असे म्हटले जाते. आम्ही ही गाणी सलग आणि लक्ष देऊन ऐकली. अमरावतीचाच विपिन तातड हा तरुण रॅपमधून आंबेडकरी विचार मांडतो. मुंबईच्या धम्म विंग्स या बँडने गिटार आणि ड्रम घेऊन बुद्ध-भीमगीते सादर केली. पहिल्या ऐकण्यात वेग तेवढा कानावर आदळतो, हे खरे आहे. पण कागदावर शब्द उतरवून घेतले तर दिसते की, त्यात आरक्षण आहे, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे, संविधानाची कलमे आहेत, गावातली मारहाण आहे. एका गाण्यात जेवढे शब्द मावतात, तेवढे आपल्या पाच पारंपरिक गीतांत मावत नाहीत. ज्या मुलाला दहा मिनिटांचे भाषण बसून ऐकवत नाही, तो ही गाणी तोंडपाठ म्हणतो. शाहिराच्या एका कार्यक्रमाचे बळ अनेक भाषणांपेक्षा मोठे असते, हा जलशांच्या काळापासूनचा आपला अनुभव. तो अनुभव आज कोणाच्या बाबतीत खरा ठरतो आहे, हे डोळे उघडून पाहावे लागेल.

येथे चेन्नईचे उदाहरण नमूद करणे क्रमप्राप्त ठरते. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने जानेवारी २०१८ मध्ये तेथे 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा १९ जणांचा बँड लोकांसमोर आला. उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांतील गाना हा लोकगीतप्रकार, त्याला रॅप आणि रॉकची जोड. या बँडचे नाव पंडित अयोथी थास यांच्या 'जात नसलेले तमिळ' या विचारावरून घेतलेले आहे. हे तेच अयोथी थास, ज्यांनी १८९८ मध्ये, म्हणजे आपल्या धम्मक्रांतीच्या ५८ वर्षे आधी, बौद्ध धम्म स्वीकारून शाक्य बौद्ध संघ स्थापला. बँडने पराई हे वाद्यही मंचावर आणले. ते पिढ्यान् पिढ्या अस्पृश्यांच्या गळ्यात गुलामीची खूण म्हणून अडकवलेले होते. ते वाजवणे सोडून द्यावे की मानाने वाजवावे, यावर तेथील चळवळीत दोन मते राहिली आहेत. गावकीची कामे सोडण्याचा लढा लढलेल्या आपल्या समाजाला ही दोन्ही मते समजू शकतात.

याच बँडच्या गायिका इसैवाणी यांची २०२० मध्ये बीबीसीने जगातील १०० स्त्रियांत नोंद केली. शबरीमला मंदिरातील स्त्रियांच्या प्रवेशावर त्यांनी गायिलेल्या गाण्यावरून २०२४ मध्ये, म्हणजे कित्येक वर्षांनी, पोलिसांत तक्रारी गेल्या. अमरावतीकरांना यात काही ओळखीचे वाटते का? १९२७ मध्ये याच शहरात अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला होता आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली होती. देवळाचे दार आपण मागे टाकून धम्माकडे आलो, हे खरे. पण त्या दारावर गाणे म्हणणाऱ्या मुलीला आपण परके मानणार काय?

तिसरा आक्षेप आपल्या आपसातला आहे आणि तो टाळून चालणार नाही. ही मंडळी लाल आहेत, असा तो आक्षेप. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाबाबत तो सर्वांत जास्त ऐकू येतो. आमची भूमिका स्पष्ट आहे. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा प्रश्न मांडला आणि उत्तर बुद्धाच्या बाजूने दिले. ते उत्तर आम्हाला मान्य आहे. हिंसेच्या मार्गाला आपल्या मंचावर जागा नाही. परंतु मतभेद ही एक गोष्ट आहे आणि कलावंताला वाऱ्यावर सोडणे ही दुसरी. शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली केले. सचिन माळींना जामीन मिळायला २०१७ उजाडले. सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषद प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली आणि त्यांची वर्षांमागून वर्षे तुरुंगात गेली. आरोप सिद्ध होण्याआधीच शिक्षा भोगून होते, अशी ही व्यवस्था आहे. ज्यांच्याशी वाद घालायचा त्यांना समोर बसवून वाद घालावा, ही बुद्धाची रीत आहे. तुरुंगाआडच्या माणसाशी वाद घालण्यात कोणता पुरुषार्थ?

याच आक्षेपातून चौथी भीती जन्मते. पोलीस केस झाली तर? समितीच्या अध्यक्षाला ठाण्यात बोलावले तर? वकिली व्यवसायात असल्याने हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. भीती निराधार नाही. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय रॅप गायिल्याबद्दल राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर महाराष्ट्रात गुन्हे नोंदवले गेले. पण कायदा काय सांगतो, तेही समितीच्या लोकांना माहीत असले पाहिजे.

महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले शायर इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातेत नोंदलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, विवेकी माणसाच्या कसोटीवर तपासायचा असतो. पदोपदी दुखावणाऱ्या कमकुवत मनाच्या कसोटीवर नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांना नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करता येते आणि भाषणा-लेखनाच्या प्रकरणांत ती करणे योग्य ठरते, असेही न्यायालयाने सांगितले. विशेष म्हणजे ही कसोटी आपल्याच प्रांतातली आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारविरुद्धच्या एका प्रकरणात १९४० च्या दशकात नागपूर हायकोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी ती घालून दिली आणि १९८८ मध्ये 'तमस' मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वऱ्हाडच्या माणसाने ही कसोटी विसरावी, हे बरे नव्हे.

आता डीजेबद्दल. डीजे आणि रॅप यांना एकाच दावणीला बांधणे हा या सगळ्या वादातला मोठा गोंधळ आहे. डीजे ही यंत्रसामग्री आहे, तिला विचार नसतो. पैसे दिले की ती आज भीमगीत वाजवते आणि उद्या आपल्याच वस्तीवर दगड मारणाऱ्यांच्या मिरवणुकीत वाजते. रॅपवाला पोरगा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि त्याचे परिणाम भोगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण ती सूट म्हणजे छातीत धडकी भरवण्याचा परवाना नव्हे. दवाखान्यातला रुग्ण आणि दहावीचा अभ्यास करणारी मुलगी हीसुद्धा आपलीच माणसे आहेत. ज्या गाण्यात शब्दाला किंमत आहे, त्याला कान फाटेपर्यंतचा आवाज लागत नाही.

म्हणूनच आमच्या काही अटी आहेत. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर आई-बहिणीवरून शिवी चालणार नाही. सम्यक वाचा हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे, केवळ भिंतीवर रंगवण्याचा मजकूर नव्हे. चीड जरूर असावी, पण ती स्त्रीच्या देहावरून व्यक्त होऊ नये. गाण्याचे शब्द समितीला आधी लेखी द्यावेत. त्यात कात्री लावण्यासाठी नव्हे, तर ते छापून श्रोत्यांच्या हातात देता यावेत म्हणून. परवानगीचा अर्ज वेळेत, लेखी करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. मानधन ठरल्याप्रमाणे त्याच रात्री द्यावे. डीजेवाल्याला बयाणा आधी आणि कलावंताला 'पाहू, वर्गणी जमली की देऊ', ही रीत आता बंद झाली पाहिजे. आणि मंचावर मुली असल्याच पाहिजेत. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात आणि पंजाबची गिन्नी माही यांनी दाखवून दिले आहे की, भीमगीताला बाईचा आवाज लाभला की ते घराघरात जाते.

ज्येष्ठांनाही एक विनंती आहे. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाचीही गाणी गात आणि भीमगीतेही गात. म्हणून आपण त्यांच्या भीमगीतांवरचे प्रेम कमी केले काय? विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावर कोसळले आणि आपल्यातून गेले. कलावंताच्या निष्ठेची याहून मोठी साक्ष काय असणार? ती निष्ठा पुढच्या पिढीत उतरावी असे वाटत असेल, तर पुढच्या पिढीला मंच द्यावा लागेल. आपण दिला नाही तर ती पोरं गाणे सोडणार नाहीत. ज्यांच्याकडे पैसा आणि मंडप आहे त्यांच्याकडे जातील. प्रस्थापित पक्षांचे महोत्सव त्यांची वाटच पाहत आहेत. तेथे पहिल्या वर्षी बाबासाहेबांचे नाव चालेल, दुसऱ्या वर्षी फक्त फोटो चालेल आणि तिसऱ्या वर्षी नेत्याचा वाढदिवस असेल.

तेव्हा इर्विन चौकापासून अशोक वाटिकेपर्यंतच्या सर्व समित्यांना आमचे सांगणे आहे. मुख्य रात्री आधी वंदना घ्या, मग शाहीर आणि कव्वाल गाऊ द्या, आणि शेवटचा तास पोरांना द्या. त्या तासाला ज्येष्ठांनी उठून जाऊ नये, पहिल्या रांगेत बसून राहावे. पटले तर टाळी वाजवावी, न पटले तर दुसऱ्या दिवशी विहारात बोलावून समोरासमोर सांगावे. दुसऱ्या दिवशी विहारात यायला तो पोरगा तयार असेल, तर तो आपलाच आहे.

जयभीम!