गाडीच्या काचेवरचा सिंह

सुरतेत वराछा किंवा कतारगामच्या रस्त्याला उभे राहा, थोड्या थोड्या वेळाने एक सिंह समोरून जातो. गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलेला, आयाळ पसरलेला, जबडा उघडलेला, खाली गुजरातीत 'सावज' किंवा गावाचे नाव. हिऱ्यांच्या कामासाठी अमरेली, भावनगर, जुनागढकडून आलेल्या काठियावाडी माणसांनी हे चित्र कुलचिन्हासारखे जपले आहे. उधना-लिंबायतकडच्या आम्हा मराठी मंडळींच्या गाड्यांवर शिवराय असतात आणि पुष्कळदा त्यांच्यामागेही सिंहच.

घर सोडून आलेल्या माणसाला अभिमानाचे काहीतरी जवळ हवे असते, तेव्हा चित्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यामागच्या दोन समजुतींबद्दल. सिंह म्हणजे एकट्याची सत्ता आणि एकाच्याच मालकीचा अभिमान, ही पहिली. वाळवंट म्हणजे काहीच नसलेली जागा, ही दुसरी. दोन्ही साहित्याने वाढवल्या, इतिहासाने उचलल्या, आणि आता त्या सरकारी फायलींत आणि कोर्टात युक्तिवाद म्हणून मांडल्या जातात. तिथे पोचल्यावर त्यांना कविकल्पना म्हणून सोडून देता येत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की कवीला प्राणिशास्त्र शिकवू नये. मान्य. जगन्नाथ पंडिताने आपल्या अन्योक्तीत गजराजाला झोपलेल्या सिंहाचा धाक घातला. १८८१ मध्ये निघालेल्या 'केसरी'ने त्या श्लोकाचा मराठी अवतार आपल्या शिरोभागी घेतला आणि वाचकाला हत्ती कोण, सिंह कोण हे सांगावे लागले नाही. पारतंत्र्यात त्या प्रतिमेने काम केले, तिचे ऋण मी नाकारत नाही.

पण तिची दुसरी बाजू याच शहराने पाहिली. डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन सुरतेला भरले. 'केसरी'कार टिळक आले होते, 'मुंबईचा सिंह' म्हणून गाजलेले फिरोजशहा मेहता होते, 'पंजाब केसरी' लाला लजपतरायही होते. २७ तारखेला व्यासपीठावर एक मराठी जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि मेहतांना लागला, खुर्च्या-काठ्या चालल्या आणि अधिवेशन उधळले. जहाल आणि मवाळ पुन्हा एकत्र यायला १९१६ चे लखनौ उजाडावे लागले. फुटीची कारणे राजकीय होती, ती प्रतिमेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही नेत्याला सिंह ठरवले की अनुयायांना तडजोड ही माघार वाटू लागते, एवढे त्या मंडपात दिसले.

खरा सिंह एकटा नसतोच. मोठ्या मांजरांपैकी कळप करून राहणारा तो एकच. सिंहिणी, त्यांच्या बहिणी, लेकी मिळून पिल्ले वाढवतात. गिरमधले नर बहुतेक वेळा जोडीने हद्द राखतात, एकट्या नराचा तिथे फार टिकाव लागत नाही. ज्याच्या नावाने आपण स्वयंभू सत्तेचे गोडवे गातो, तो प्राणी सोबत्यावाचून आपली जागासुद्धा राखू शकत नाही.

'वाळवंटाचा सिंह' ही जोडी तर आणखी फसवी. लिबियाच्या उमर मुख्तारला हेच नाव मिळाले, १९८१ मध्ये त्याच्यावर निघालेल्या चित्रपटालाही तेच दिले गेले. कुराण शिकवणारा हा वृद्ध इटालियन फौजेशी लढला तो प्रामुख्याने जबल अल् अख्दरच्या आसऱ्याने, म्हणजे झाडाझुडपांच्या हिरव्या डोंगरातून. गावोगावची आणि तांड्यांतली माणसे त्याला धान्य, घोडे, बातम्या पुरवत होती. इटालियनांनी हे बरोबर ओळखले आणि सुमारे एक लाख माणसे, बहुतेक पशुपालक, छावण्यांत कोंडली. त्यानंतरच, सप्टेंबर १९३१ मध्ये, मुख्तार हाती लागला आणि फासावर गेला. एक सिंह आणि मोकळी वाळू असे चित्र काढले की ती लाखभर माणसे चित्राबाहेर जातात.

गिरमध्येही हेच झाले आहे. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवण्याचा आदेश दिला. कारण साधे होते. सगळे आशियाई सिंह एकाच टापूत असतील तर एकच साथ पुरते. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले जवळजवळ एक तृतीयांश सिंह कुत्र्यांकडून येणाऱ्या डिस्टेंपरने मेले होते. गुजरातची बाजू अशी की सिंह आमच्या कुटुंबातला आहे. न्यायालयाने तो युक्तिवाद स्वीकारला नाही, पण सिंह हलले नाहीत. २०१८ च्या पावसाळ्याअखेरीस दलखाणिया रेंजमध्ये वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांत तोच विषाणू सापडला. कुनोत २०२२ मध्ये आले ते नामिबियाचे चित्ते.

अभिमानानेच सिंह वाचला, असे यावर सांगितले जाते. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आळा घातला, पुढे सरकारने राखले, आणि २०१५ च्या ५२३ वरून २०२५ च्या गणनेत संख्या ८९१ झाली. आकडे खरे आहेत, श्रेयाची वाटणी खोटी आहे. त्या ८९१ पैकी निम्म्याहून अधिक सिंह आज राखीव जंगलाबाहेर, शेतांत, आंबराईत, ओढ्याकाठच्या झुडपांत राहतात. कठडा नसलेल्या विहिरीत पडून सिंह मरायचे, म्हणून शेताशेतातल्या विहिरींना कठडे बांधावे लागले. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी बॅटरीच्या उजेडात चमकणारे डोळे पाहून वाट बदलतो. म्हैस गेली तर गुरे राखणारा माळधारी हळहळतो, भरपाईचा अर्ज करतो, पण उरलेल्या मांसावर विष टाकत नाही. सिंह जगला तो या सोसण्यावर. आणि १९७२ च्या गिरमधल्या सिंह प्रकल्पात त्याच माळधाऱ्यांची शेकडो कुटुंबे त्यांचे नेस, म्हणजे जंगलातले पाडे, मोडून जंगलाबाहेर बसवली गेली. काचेवरच्या चित्रात त्यांना जागा नाही, सरकारी आराखड्यातही उरली नाही.

वाळवंटाबाबतचा अपराध मला याहून मोठा वाटतो, कारण त्याच्या बाजूने बोलायला अभिमानसुद्धा नाही. रण पुढे सरकते आहे, सगळे गिळणार आहे, या भीतीपोटी १९६१ पासून कच्छच्या बन्नीत विलायती बाभूळ लावली गेली. लोक तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे वेडी. वेड्यासारखीच ती पसरली आणि आशियातल्या नावाजलेल्या गवताळ प्रदेशाचा मोठा भाग तिने खाल्ला. ज्यांना रितेपण दिसले त्यांना बन्नीचा विरडा दिसला नव्हता. तळ्याच्या कोरड्या पोटात माळधारी उथळ खड्डा खणतात आणि लाकूड-गवताने त्याच्या कडा धरून ठेवतात. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर पावसाचे गोडे पाणी हलके म्हणून तरंगत असते, तेवढेच वरच्यावर उपसतात. जास्त ओढले की खारे वर येते. इतके बारीक ज्ञान ज्या भूमीत आहे तिला ओसाड म्हणणे हे अज्ञान आहे. आपणही सोलापूर-नगरच्या माळरानांना पडीकच म्हणत आलो. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, पण माळ नांगरले गेले, आणि आता त्या अभयारण्यातल्या नान्नजला तो पक्षी दिसणे ही बातमी होते.

मग प्रतीके टाकून द्यायची का? मुळीच नाही, आपल्याकडे याहून सकस प्रतीके आहेत. गुजराती कवी झवेरचंद मेघाणींची 'चारणकन्या' ही कविता घ्या. तुळशीश्यामजवळ चौदा वर्षांच्या मुलीने काठी घेऊन आपल्या वासरीवरचा सिंह हुसकला, ते पाहून १९२८ मध्ये मेघाणींनी ती रचली. तिथे सिंह आहे, वासरी आहे, मुलगी आहे, आणि सिंह जिवंत परत जातो. वाळवंटासाठी आपल्याकडे नामदेवांची 'तीर्थावळी' आहे. मारवाडात तहानलेल्या ज्ञानदेवांनी योगबळाने खोल विहिरीत उतरून पाणी घेतले, नामदेवांनी विठ्ठलाला हाक मारली आणि विहीरच भरून वाहू लागली. पाणी एकाने मिळवायचे की सगळ्यांपर्यंत पोचवायचे, हा प्रश्न वाळूतच इतक्या नेमकेपणाने उभा राहतो. पंढरपूरचे वाळवंट दर आषाढीला माणसांनी भरते, त्या मराठी मनाला वाळू म्हणजे शून्य हे पटवून घ्यायचे कारणच नव्हते.

गुजरात आता बरडा अभयारण्याकडे दुसरे घर म्हणून बोट दाखवते. २०२३ मध्ये एक नर आपल्या पायांनी तिथे पोचला, याचा आनंद मलाही आहे. पण बरडा गिरपासून शंभरएक किलोमीटरवर आहे, साथीला ते अंतर काहीच नाही. गुजरातबाहेर सिंहांचा कळप हवा आणि त्याच्याबरोबर माळधाऱ्यांचा अनुभवही तिथे जायला हवा. वन्यजीव अभ्यासक हे वर्षानुवर्षे सांगत आहेत, गांधीनगर त्यांना परके मानून टाळते. वराछाच्या माणसाला परके म्हणता येणार नाही. त्याचे गाव गिरच्या कडेला आहे, त्याच्या भावाच्या शेतात सिंह येऊन बसतो, त्याच्या मतावर सुरतेतले आमदार निवडून येतात. 'आमचा सावज दुसरीकडेही जगू द्या' ही मागणी त्याने करावी, आणि उधना-लिंबायतच्या आम्ही मराठी शेजाऱ्यांनी त्या अर्जावर त्याच्या खालोखाल सह्या कराव्यात.