उन्हाळ्याची आवराआवर

बँकेत दरवर्षी एकदा ‘डेड स्टॉक’ नोंदवहीची पडताळणी करावी लागते. टेबले, खुर्च्या, कपाटे, पंखे, सारे मोजून, त्यांवर रंगवलेले क्रमांक वहीशी ताडून अधिकाऱ्याने स्वाक्षरी करावयाची असते. हे काम कोणालाही प्रिय नसते. गेली काही वर्षे आमच्या शाखेत ते प्रस्तुत लेखिकेच्या वाट्याला येते आणि ते करीत असताना दरवेळी एकच विचार मनात येतो. शाखेतील मोडक्या स्टुलाचाही हिशेब ठेवणारी मी, स्वतःच्या घरातील उन्हाळी सामानाचा हिशेब कधी ठेवते का?

रायपूरच्या उन्हाळ्याविषयी येथील वाचकांना मी काय सांगावे? मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. नवतपाचे नऊ दिवस तर रस्ते दुपारी निर्मनुष्य असतात. विदर्भातून बदली होऊन आलेल्या आम्हा मंडळींना हे नवे नाही. त्यामुळे उन्हाळ्याचा म्हणून एक स्वतंत्र संसारच घरोघरी असतो. कूलर, वाळ्याच्या ताट्या, माठ, गच्चीवर निजण्यासाठी नवारीची खाट, मच्छरदाणी, पातळ गाद्या आणि अलीकडे त्यात भर पडलेली समुद्रसहलीची सामग्री. चैत्रात हा संसार मोठ्या उत्साहाने बाहेर निघतो. पण आत जातो कसा? पहिल्या पावसाची सर आली, की घाईघाईने, ओलाच, हाताला लागेल त्या कोपऱ्यात!

समुद्राचा उल्लेख वाचून कोणी हसेल, कारण रायपूरहून समुद्र चांगलाच दूर. परंतु दुर्ग-पुरी गाडीने रात्रीचा प्रवास केला, की सकाळी जगन्नाथाचे दर्शन आणि दुपारी समुद्रस्नान, हा येथील मध्यमवर्गीय कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम आहे. आम्हीही गेलो होतो. मुलासाठी हवेचे चक्र, बादली-फावडे, स्वतःसाठी मोठी छत्री आणि चटई अशी हौसेने खरेदी केली. परतल्यावर ते सारे वाळूसकट एका पिशवीत कोंबून माळ्यावर टाकले. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, हे शाळेत शिकलेले तत्त्व त्या पिशवीने वर्षभरानंतर सप्रमाण सिद्ध केले. छत्रीच्या काड्या गंजलेल्या, चटईवर बुरशी आणि हवेचे चक्र घडीवर चिकटून तडकलेले. साध्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, चक्रावर थोडी टाल्कम पावडर टाकून ते सैल गुंडाळले असते, तर पाच-सात वर्षे सहज टिकले असते.

माझे मत विचाराल, तर वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तू विकत घेऊच नयेत. पुरीच्या किनाऱ्यावर छत्री आणि खुर्ची भाड्याने मिळते. दोन खोल्यांच्या घरातील माळ्याची जागा ही त्या छत्रीपेक्षा अधिक मौल्यवान आहे. आपण जागेचे भाडे धरत नाही, म्हणून वस्तू स्वस्त वाटते. मुलाची बादली मात्र ठेवली आहे. ती अंगणातही चालते.

कूलरचा प्रश्न निराळा आहे. तो भाड्याने आणून भागत नाही आणि त्याच्याविषयी हेळसांड केली, तर नुकसान केवळ पैशाचे राहत नाही. चार वर्षांपूर्वी मी ते अनुभवले. कूलर कोरड्या हवेत गारवा देतो. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली, की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. तरीही ‘एखादा उकाड्याचा दिवस येईलच’ म्हणून आम्ही तो मागच्या सज्जात तसाच ठेवला. तळाशी चार बोटे पाणी होते. ऑगस्टमध्ये मुलाला ताप आला, तपासणीत डेंग्यू निघाला आणि पुढचे सात दिवस आम्ही दोघे रुग्णालयाच्या बाकावर प्लेटलेटच्या आकड्यांकडे डोळे लावून बसलो. एरवी आकड्यांशी माझे नाते फार चांगले आहे. ते सात दिवस मात्र प्रत्येक अहवालाचा कागद उघडताना हात कापत असे.

मुलगा बरा झाला. त्याच आठवड्यात घरोघरी पाहणी करणारे आरोग्य कर्मचारी आले, त्यांनी टाकीत विजेरी मारली आणि वळवळणाऱ्या अळ्या दाखविल्या. आमच्याच कूलरमधल्या डासाने घात केला, असे सिद्ध करता येणार नाही. पण तो नव्हता असे म्हणण्याचे धैर्यही मला होत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात शेजारच्या भिलाईत डेंग्यूची मोठी साथ येऊन अनेकांचे प्राण गेले होते. ती बातमी मी वाचली होती, हळहळलेही होते आणि तरीही आमच्या सज्जात चार बोटे पाणी होते.

त्या कर्मचाऱ्याने सांगितलेली एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती येथे मुद्दाम लिहिते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास पाण्याच्या पातळीलगत टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवितो. पाणी ओतून दिले, तरी ही अंडी कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात टाकी भरली, की फुटतात. म्हणजे नुसते पाणी काढून कूलर झाकून ठेवणे पुरेसे नाही. भिंती ब्रशने खरवडून धुवाव्या लागतात. वापर चालू असतानाही आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, सुकवावी, कारण अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात.

उरलेली कामे कोणत्याही मिस्त्रीला विचारा. लाकडाच्या भुश्याच्या ताट्या काढून टाकाव्यात, त्या दरवर्षी नव्याच लागतात. वाळ्याच्या धुऊन उन्हात खडखडीत वाळवाव्यात. पंप काढून, क्षार धुऊन, कोरडा करून ठेवावा. पत्र्याला गंज चढला असेल तर खरवडून आतून काळा रंग द्यावा आणि कूलर सुती चादरीने झाकावा; प्लास्टिकच्या आवरणात ओल कोंडते. आणखी एक विनंती सदनिकांत राहणाऱ्यांसाठी. झाकलेला कूलर जिन्याच्या वळणावर ठेवू नये. आग लागली तर त्याच जिन्याने सर्वांना उतरायचे असते.

आमचे एक सहकारी म्हणतात, ‘मॅडम, एवढा खटाटोप कशाला? चार वर्षांनी नवा घ्यायचा.’ त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. पत्र्याचा कूलर काही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव नव्हे. परंतु एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सारे शहर एकाच मिस्त्रीच्या दारात उभे असताना, दोन-तीनशे रुपयांच्या पंपासाठी तीन दिवस उकाड्यात काढलेल्या माणसाने हे म्हणावे, याची मौज वाटते. शिवाय टाकीच्या भिंतीवरची अंडी कूलरचे वय पाहत नाहीत.

म्हणून आम्ही घरातही एक नोंदवही सुरू केली आहे. जूनच्या शेवटच्या रविवारी पडताळणी होते. यजमान मोजतात, मी लिहिते आणि मुलगा बरोबरची खूण करतो. सासूबाईंचे बालपण तात्यापाऱ्यात गेले, तेव्हा घरात कूलर नव्हता, ओल्या वाळ्याचे पडदे होते. ते पावसाआधी वाळवून कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवीत, असे त्या सांगतात. वहीवर त्यांचा फारसा विश्वास नाही. यंदा टाकी धुऊन झाल्यावर मी खूण करणार, तोच त्यांनी आत हात घालून कोपरा चाचपला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, इथे अजून खरखरीत लागतंय.’’

ब्रश पुन्हा मागविला.