नेमाची सुरुवात पायांपासून

दि. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या भिवंडीच्या धामणकर नाक्यावरील एखाद्या मुलालाही रायफल हाती घ्यावीशी वाटली, तर ती स्वागतार्हच गोष्ट होय. पण अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो तो 'रायफल कोणती घ्यायची?' हा. मुळात तेथेच गल्लत होते.

स्वप्नीलची अंतिम फेरी आठवावी. गुडघ्यावर बसून मारण्याच्या टप्प्यानंतर तो सहावा होता, पडून मारल्यानंतर पाचवा. पदकाची जागा त्याने गाठली ती उभ्याने. नवखी मुले ज्या १० मीटर एअर रायफलपासून आरंभ करतात, तो प्रकार तर सर्वस्वी उभ्याचाच. लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि रायफलचे वजन नियमानुसार साडेपाच किलोपर्यंत! हे ओझे दंडाच्या बळावर पेलू जाणाऱ्याचा हात थोड्याच वेळात थरथरू लागतो.

म्हणून ते स्नायूंनी नव्हे, हाडांनी पेलायचे असते. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याने डावी कूस लक्ष्याकडे करावी. पावलांत खांद्यांएवढे अंतर ठेवावे. डावी कंबर किंचित पुढे काढून तिच्यावर किंवा बरगडीवर डावे कोपर टेकवावे. रायफल डाव्या हातावर नुसती विसावते. भार कोपरातून कंबरेत आणि तेथून पायांत उतरतो. मान वाकवून गाल दस्त्याकडे नेऊ नये, दस्ता गालापाशी आणावा.

एनसीसीच्या छात्रांना 'मजबूत पकड, सही शिस्त' हा पाठ तोंडपाठ असतो. (शिस्त म्हणजे नेम, हा जुना अर्थ आपण जवळजवळ विसरलोच.) अंजली भागवत याही एनसीसीतूनच या खेळात आल्या. परंतु मजबूत म्हणजे आवळलेली नव्हे. मूठ आवळली की चाप ओढणाऱ्या बोटाबरोबर सारा पंजा हलतो आणि छर्रा भरकटतो. हस्तांदोलनात धरतो तितपतच ती पकड; दर वेळी मात्र तंतोतंत तशीच.

आणखी एक कसोटी आहे. नेम धरून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत, मग उघडावेत. नळी लक्ष्याच्या डावी-उजवीकडे गेलेली दिसली, तर हाताने ओढून आणू नये, पावले सरकवावीत. हाताने जुळवलेला नेम चाप सुटताना पुन्हा मूळ जागी पळतो, हे कितीतरी हौशी मंडळींना वर्षानुवर्षे उमगत नाही.

यातील बराचसा सराव छर्ऱ्याविना होतो. पाय, कंबर, कोपर यांची बैठक तर घरच्या आरशासमोर, रायफल नसतानाही घटवता येते. वरळी वा कर्नाळ्याच्या रेंजपर्यंत धामणकर नाक्याहून जाणे सोपे नाही, हे मान्य. तरीही इतक्या दूर नेलेल्या मुलाला प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी एकही छर्रा न देता तासभर नुसते उभे केले, तर पालकांनी शुल्काचा हिशेब मांडू नये.