गव्हांड्याचे कुलूप

माळव्यात गव्हाची कापणी आटोपली, की शेतोशेती नरवाई पेटविल्याचा धूर दिसू लागतो. शेत लवकर मोकळे करण्याची घाई त्यामागे असतेच. परंतु ‘त्या काडात असते काय?’ ही समजूतही असते. वास्तविक काडात पुष्कळ काही असते. मात्र ते कुलूपबंद असते.

गव्हांड्याचा मोठा भाग सेल्युलोज व हेमिसेल्युलोज या शर्करांच्या साखळ्यांचा बनलेला असतो. त्या तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, गाईचे शरीर स्वतः निर्माण करीत नाही. तिच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजंतू ती निर्माण करतात. परंतु या साखळ्यांना लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याने जखडलेले असते. तेथे त्या सूक्ष्मजंतूंची मात्रा चालत नाही, आणि खाल्लेल्या काडाचा जवळजवळ निम्मा भाग शेणावाटे वाया जातो.

मग विकरे बाहेरून का घालू नयेत? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॉलोमन बेटांवर लष्कराचे सुती कापड खाणारी एक बुरशी सापडली. अमेरिकेत एल्विन रीझ व मेरी मँडेल्स यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास केला; रीझ यांच्या सन्मानार्थ १९७७ साली तिचे ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ असे नामकरण झाले. सेल्युलोज फोडणारी विकरे आज तिच्यापासून मोठ्या प्रमाणावर मिळवितात. पण सुतात लिग्निन जवळजवळ नसतेच! म्हणूनच ही विकरे चाऱ्यात मिसळली, तर गुण कोठे येतो, कोठे येत नाही. लिग्निन फोडणारी विकरे लाकूड कुजविणाऱ्या काही बुरशींपाशी आहेत. परंतु त्या कार्यास प्राणवायू लागतो, आणि गाईच्या त्या पोटात तो नसल्यासारखाच असतो. बुरशी काडावरच वाढवावी, तर पौष्टिक अंशाचा वाटा तीही खाते.

सुदैवाने एक उपयुक्त विकर काडावर फुकट मिळते. १०० किलो गव्हांड्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, काड तुडवून घट्ट बसवावे आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून ३ आठवडे ठेवावे. काडावरील सूक्ष्मजंतूंचे ‘युरिएज’ हे विकर युरियापासून अमोनिया बनविते. अमोनिया लिग्निनची पकड सैल करतो, आणि त्यातील नत्रावर गाईच्या पोटातील सूक्ष्मजंतू पोसतात.

मात्र पथ्य पाळावे. रोज लागेल तेवढेच काड काढून उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवावे. सहा महिन्यांखालील वासरांना व घोड्यांना ते देऊ नये. युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी लागले तर प्राणावर बेतते, हे विसरू नये.

ज्यांची शेती गावी वाट्याने दिलेली आहे, त्यांनी यंदा धान्याच्या हिशेबास जाताना वाटेकऱ्याजवळ काडाचीही गोष्ट काढावी. महागडी विकराची पुडी घेण्याआधी युरियाचा हा प्रयोग एका लहान ढिगावर करून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.