हसायचं कुणाला?

या स्तंभात एरवी नाटकांबद्दल लिहितो. आज स्टँडअपबद्दल, कारण रंगमंच तोच आहे. विनोदवीरानं कुठं थांबावं, हा वाद निघाला की आपण शिवी, अश्लीलता आणि संस्कृती यांतच अडकतो. मी एवढंच बघतो : ज्याच्यावर विनोद केला, त्याच्या हातात उलट काही करण्याची ताकद आहे का?

2025 मधल्या दोन घटना शेजारी ठेवा. मार्चमध्ये स्टँडअप विनोदवीर कुणाल कामरानं उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत गायलं. व्हिडिओ बाहेर आला त्याच रात्री शिवसैनिकांनी तो कार्यक्रम जिथं झाला त्या खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन तिथंच हजर. अटक झालेल्या कार्यकर्त्यांना लगेच जामीन मिळाला. दुसरीकडे, समय रैना या विनोदवीरानं स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी झालेल्या बाळाच्या कोट्यवधींच्या इंजेक्शनवर विनोद केला होता. त्यावर कुणी रस्त्यावर उतरलं नाही. अशा रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठं ऑगस्टमध्ये न्यायालयानं जाहीर माफी मागायला सांगितलं.

म्हणजे भावना सगळ्यांच्याच दुखावतात, पण दखल मनगटाप्रमाणे घेतली जाते.

कामराच्या गाण्यातला, शिंदे पूर्वी रिक्षा चालवायचे यावरचा टोमणा मलाही खटकला. त्यांनी पक्ष फोडला, त्यावर हवं तितकं बोला. माणसानं कधीकाळी पोटासाठी काय चालवलं, हा चेष्टेचा विषय नव्हे. पण खटकलं तर टाळी वाजवू नये, उठून जावं, माझ्यासारखं चार ओळी लिहावं. खुर्च्या कशाला मोडायच्या?

आपल्याकडं वगातला राजा मूर्ख आणि प्रधान लबाड असणं हे ठरलेलंच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके हवालदार व्हायचे आणि संहिता बाजूला ठेवून चालू राजकारणावर कोट्या करायचे. 1965 च्या त्या वगनाट्याचे पुढं शेकडो प्रयोग झाले.

आता वाहिन्यांवरची प्रहसनं बघा. नेत्याची नक्कल होते, पण नेता पाहुणा म्हणून समोर बसलेला असताना, त्याला गोड वाटेल अशी. वरच्यांवर हसायची सोय उरली नाही, की लेखणी खाली वळते. मग काळा रंग, जाड बायको, तोतरा नोकर, साडी नेसलेला पुरुष. यातल्या कुणाच्या मागं कार्यकर्ते नसतात, म्हणून हे ‘कौटुंबिक मनोरंजन’ ठरतं. यात मी कलाकारांना फारसा दोष देत नाही. ते जीव तोडून काम करतात. घाबरतात ते वाहिन्यांचे साहेब.

तेव्हा लेखक मित्रांनो, पुढच्या भागातून जाड बाईवरचा एक विनोद काढा आणि त्या जागी तुमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्यावरचा घाला. वाहिनीनं तो कापला तर मला पाठवा. या स्तंभात छापू.