पडद्यावरील पेटी

गेल्या महिन्यांत आमच्या नायगांवच्या घरीं बारसें होतें. पाळणा सजला, नांव ठरलें, घुगऱ्यांचे हरभरे भिजले. अडलें तें पाळण्याच्या चालीपाशीं. आमच्या घराण्यांत जो पाळणा म्हणतात, त्याचे शब्द जुन्या वहींत उतरलेले आहेत. चाल मात्र एकट्या आत्याबाईंच्या कंठांत. त्यांचें वय ८४, आवाज बसलेला, आणि घरांतील पेटीचा भाता उंदरांनीं कुरतडलेला!

अनेक वाचकांच्या घरीं अशीच स्थिति असेल. जुनीं गाण्यांचीं पुस्तकें उघडावीं, तों माथ्यावर एवढेंच छापलेलें आढळतें: 'चाल – अमक्या पदाची.' तें अमकें पद विस्मृतींत गेलें कीं चालीचा पत्ताच हरवला. घराजवळच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयांत आम्हीं एक सबंध सकाळ घालविली. पाळणे पुष्कळ मिळाले. त्यांचे स्वर मिळाले नाहींत. वस्तुतः स्वर लिहून ठेवण्याची सोय आपल्याकडे नवी नव्हे. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराच्या खालीं व तार स्वराच्या वर टिंब, अशी सुटसुटीत पद्धति रूढ केली. तिचा लाभ गवयांच्या चिजांस झाला. माजघरांतील गाणीं तशींच राहिलीं.

अखेर आमच्या पुतण्याच्या मुलीनें संगणक पुढें ओढला. म्यूझस्कोर नांवाचें स्वरलेखनाचें एक साधन आहे. त्यास दाम पडत नाहीं. त्यांत पडद्याच्या तळाशीं पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रांग मांडतां येते. पट्टीवर टिचकी मारली कीं स्वर वाजतो आणि वर पांच रेघांवर त्याचें चिन्ह उमटतें. मात्र बोट किती वेळ टेकलें हें ही पेटी ओळखीत नाहीं. म्हणून स्वर एक मात्रेचा कीं अर्ध्या मात्रेचा, हें आधीं निवडावें व मग टिचकी मारावी.

आत्याबाई गुणगुणत, मुलगी टिचक्या मारी. त्यांची पट्टी काळी चार. तेथेंच षड्ज धरल्यामुळें पडद्यावर चिन्हांची अशी गर्दी झाली कीं मुलगी रडकुंडीस आली. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, सा पांढरी एकवर धर. गाणें मागाहून चढव." ज्यांनीं संगणकास कधीं हात लावला नव्हता, त्यांनींच त्याची अडचण सोडविली! गाणें पांढरी एकमध्यें लिहून झालें, आणि मग एका आज्ञेसरशी सगळेंच्या सगळें आठ पट्ट्या वर चढलें.

मुलीनें मोठ्या हौसेनें तें वाजवून दाखविलें. आत्याबाईंनीं डोळे मिटून ऐकलें आणि म्हटलें, "स्वर माझे आहेत, गाणें माझें नाहीं. गंधारावरून ऋषभावर माझी आई घसरत येई. तुझें यंत्र उडी मारतें."

हा वाद आजचा नव्हे. सप्तकाच्या १२ पट्ट्यांत आपलें संगीत मावत नाहीं, ही तक्रार पेटीवरही होती. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं १९१० सालीं २२ श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला; आकाशवाणीनें १९४० पासून पुढें तीस वर्षे पेटीस दार बंद ठेविलें. तरीही घरोघरीं पेटी राहिलीच, कारण सुराचा आधार तीच देत होती. आमच्या मतें पडद्यावरील पेटीचा उपयोगही तेवढाच मानावा. ती गाण्याचा सांगाडा देते. त्याचें मांस व श्वास माणसाकडूनच घ्यावे लागतात.

म्हणून आम्हीं दोन गोष्टी केल्या. जेथें मींड आहे तेथें स्वरांवर कमान काढून घेतली. आणि आत्याबाईंचा बसलेला आवाज, आहे तसाच, फोनमध्यें उतरवून ठेविला. सूनबाईंनीं कागद पुढें ठेवून, तो आवाज ऐकत दोन दिवसांत पाळणा बसविला. आत्याबाईंनीं त्यांना एकाच ठिकाणीं थांबविलें: "येथें घसरा." बारशास पाळणा म्हटला गेला, तो चार जणींच्या कंठांतून.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं जी चाल एकाच कंठांत उरली असेल, ती येत्या रविवारीं विचारून घ्यावी. पडद्यावरील पेटी येत असल्यास तिनें लिहावी, नसल्यास साध्या सा रे ग म मध्यें लिहावी; आणि जें लिहिलें तें कागदावर छापून वहींत चिकटवावें, कारण यंत्रें बदलतात. पेटीचा भाता नवा बसवितां येईल. आम्ही तो बसविणारच आहों. परंतु आत्याबाईंस आम्हीं हें दहा वर्षें आधीं विचारलें असतें, तर त्यांचा खुला आवाजही घरांत राहिला असता, ही रुखरुख मात्र आतां कोणत्याही साधनानें जाणार नाहीं.