केशभूषा आणि तापाचे कवच

उन्हाळा आणि लग्नसराई ही जोडी आपल्याकडे बरोबरच येते. मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमके त्याच दिवसांत मुहूर्त दाट असतात. परंड्यासारख्या तालुक्याच्या गावीही लग्नघरी आता हेअर ड्रायर आणि स्ट्रेटनर यांनी आरशापुढे आपली जागा पक्की केली आहे. घरच्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, ‘केसांना विस्तव कशाला दाखविता?’ मुली म्हणतात, ‘आम्ही सीरम लावितो, मग भय कसले?’ उभय पक्षांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. ते कोठे व किती, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम हे ध्यानी धरावे की, टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. कातडी भाजली तर बहुधा भरून येते. केस भाजला तर तो कापावाच लागतो. केसाची वाढ महिन्यास सुमारे सव्वा सेंटिमीटर. म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीची वेणी ही चार वर्षांची कमाई होय. ती एका सकाळच्या घाईत उधळून टाकणे शहाणपणाचे नव्हे.

केस हा मुख्यत्वे केराटिन नामक प्रथिनाचा बनलेला असून त्यावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आच्छादन असते. अतिशय तापाने हे खवले उचलतात, तडकतात आणि आतील प्रथिन बिघडते. केस ओला असेल तर संकट दुणावते. तापलेल्या पट्ट्यांत सापडलेल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या पोटात बुडबुडे उठतात. असा केस पुढे त्याच ठिकाणी तुटतो. स्ट्रेटनर फिरविताना ‘चर्र’ असा आवाज आला, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

आता संरक्षक द्रव्याचे काम काय? परंड्याचा भुईकोट किल्ला आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचा खंदक आणि दुहेरी तटबंदी शत्रूस नाहीसे करीत नसत. त्याची चाल मंद करीत आणि आतल्यांस अवसर देत. केसांवरील कवचाचेही तसेच आहे. त्याचा पातळ थर उष्णता हळूहळू व सारखी पसरू देतो आणि केसातील ओलावा एकाएकी उडू देत नाही. बाटलीवर ‘२३० अंशांपर्यंत संरक्षण’ असे छापलेले असले, तरी त्या तापातून केस अक्षत राहील असा त्याचा अर्थ नव्हे. हानी कमी होते, टळत नाही.

निवड करताना जाहिरातीपेक्षा बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. डायमेथिकोन, अ‍ॅमोडायमेथिकोन यांसारखी सिलिकोने, पीव्हीपी-जातीची बहुवारिके किंवा गव्हाचे हायड्रोलाइज्ड प्रथिन ही नावे दिसली, तर वस्तू कामाची असण्याचा संभव आहे. पातळ, तेलकट केसांस हलका स्प्रे. दाट, कोरड्या वा कुरळ्या केसांस सीरम किंवा क्रीम मानवते. अल्कोहोल यादीच्या आरंभीच असेल, तर तो स्प्रे देवघरातील निरांजनाजवळ अथवा स्वयंपाकघरात मुळीच वापरू नये. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत या गोष्टी सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये वेष्टनावर असावयास हव्यात. त्या नसलेली बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

वापरण्याची रीत सोपी आहे. न्हाल्यावर केस मऊ पंचाने टिपून घ्यावेत. ड्रायर सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावरून, सतत हालवीत फिरवावा. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा रीतीने वाळविलेल्या केसांस नुसते वाऱ्यावर वाळविलेल्या केसांपेक्षा कमी अपाय झाल्याचे आढळले. तेव्हा ड्रायरवर सरसकट राग नको. स्ट्रेटनरपूर्वी मात्र केस पूर्ण कोरडे हवेत. संरक्षक द्रव्य थोडेसेच घेऊन मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावावे, कंगवा फिरवावा आणि ते वाळू द्यावे. ताप नाजूक वा रंगविलेल्या केसांस १५० अंशांच्या आत, इतरांस १८० अंशांच्या आत ठेवावा. एका बटेवरून पट्टी एकदाच, न थांबता न्यावी. १८७२ च्या सुमारास पॅरिसमध्ये मार्सेल ग्राटो याने तप्त चिमट्याने केसांस लाटा देण्याची कला रूढ केली. ते चिमटे आधी कागदावर दाबून पाहत. कागद करपला तर चिमटा निवू देत. तापदर्शक नसलेल्या जुन्या यंत्रास आजही ही कसोटी लावावी.

खोबरेल तेलाविषयी एक शब्द. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली दाखविले की, खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते. सूर्यफुलाच्या वा खनिज तेलाने तसे होत नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकणारी आहे, हे लक्षात ठेवूनही आजीबाईंचा अनुभव त्यास दुजोरा देतो. परंतु तेलाची जागा न्हाणाच्या आदल्या रात्री. तेल चोपडून वर स्ट्रेटनर फिरविल्यास तेलच तापते, धुरकटते आणि टाळू किंवा मान भाजण्याचे भय राहते.

एकत्र कुटुंबात यंत्र एक, मुली चार, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. अशा वेळी शेवटच्या मुलीचे केस ओलेच चिमट्यात सापडतात. म्हणून लग्नाच्या आदल्या सायंकाळीच सर्वांनी न्हाऊन घ्यावे, अशी आमची सूचना आहे. सासूबाईंनी तेलाची वाटी पुढे करावी, सुनेने यंत्राचा आकडा खाली आणावा. एवढ्या समेटाने केस वाचतील आणि घरातील कुरबुरही थांबेल.